चौदा महिने विक्रीला असलेला जुना फ्लॅट : नक्की कुठे अडतंय?

कोरा_चहा (धागाकर्ता)

कोथरूडमधली जुनी सोसायटी, १९९२ ची. पार्किंग अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचा २ बीएचके तिसऱ्या मजल्यावर. करारात ७२ चौ.मी. बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलंय, खाली एक स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली जागा). फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर होता, ते गेले. नॉमिनी आई. वारस तिघं : आई, मी (बंगळूर) आणि बहीण (जर्मनी). कर्ज नाही.

९५ लाख सांगतोय. पाच एजंट, दोन पोर्टल. पहिल्या दोन महिन्यांत वीसेक जण पाहून गेले, आता महिन्याला एखादा. सगळ्यात वरची ऑफर ८२, तीही तोंडी. घर बंद असतं, किल्ली शेजाऱ्यांकडे. प्रश्न तीन : रंग काढावा का, किंमत उतरवावी का, की रीडेव्हलपमेंटपर्यंत थांबावं?

---

दारावरची_पाटी

तिन्ही प्रश्नांच्या आधीचा प्रश्न म्हणजे गिऱ्हाईक नेमकं कुठल्या पायरीवर गळतंय. फोनच येत नसतील तर जाहिरात किंवा किंमत चुकलीय. फोन येतात पण पाहायला कोणी येत नाही, तर फोनवर सांगितलेलं काहीतरी खटकतंय (इथे बहुधा 'तिसरा मजला, लिफ्ट नाही'). पाहून जातात आणि परत फोन नाही, तर घरात काहीतरी आहे. बोलणी होऊन मोडतात, तर कागद.

तुमच्याकडे वीस जण पाहून गेले आणि आकडा बोलला एकच. म्हणजे घर आणि किंमत. शिवाय कागदांचा खड्डा अजून कोणाच्या पायाखाली आलेला नाही, कारण तिथवर कोणी पोचलंच नाही. तो आहेच, वारसांचं वाचून लगेच दिसतंय.

पाच एजंट ही पहिली चूक. प्रत्येकाने आपापल्या आकड्याने टाकलं असणार. पोर्टलवर शोधून बघा, तोच हॉल, तोच निळा सोफा, कुठे ९२ कुठे ९८. खरेदीदाराला वाटतं विकणारा टेकीला आलाय, आणि तो सगळ्यात खालच्या आकड्यापासून बोलायला लागतो.

---

मोजपट्टी

जाहिरातीत क्षेत्रफळ काय टाकलंय? ८५० चौ.फू. 'सेलेबल' (जिना वगैरे सामाईक जागेचा वाटा धरून)?

---

कोरा_चहा

हो, ८५०. एजंट म्हणाला सगळे असंच टाकतात.

---

मोजपट्टी

मग गळती तिथेच सुरू होते. ७२ चौ.मी. म्हणजे ७७५ चौ.फू. बिल्टअप. जुन्या हिशोबाने १.२ ने भागलं की कार्पेट (भिंती सोडून आतलं वापरायचं क्षेत्र) साधारण ६० चौ.मी., म्हणजे ६४५ चौ.फू. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) आल्यानंतर नव्या इमारतींच्या जाहिराती कार्पेटवरच असतात, त्यामुळे आजचा खरेदीदार कार्पेटवरच विचार करतो. तो ८५० वाचून येतो, आत पाऊल टाकतो आणि दोन मिनिटांत त्याला कळतं की हे ६५० च्या आसपास आहे. त्यानंतर तुम्ही जे काही सांगाल ते तो वीस टक्के कापून ऐकतो.

८५० ने भागलं तर तुमचा दर ११,१७६ पडतो, ६४५ ने १४,७२९. तुम्ही स्वतःला पहिला आकडा सांगताय, समोरचा दुसरा मोजतोय.

टेप घेऊन प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, बाल्कनी वेगळी लिहा, हाताने काढलेला नकाशा फोटोंमध्ये दुसऱ्या क्रमांकावर टाका.

---

सूची_दोन

किंमत ठरवताना पोर्टलवरचे आकडे बघू नका, त्या मागण्या आहेत, व्यवहार नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची विनामूल्य सोय आहे. जिल्हा, गाव (मौजे कोथरूड), वर्ष आणि सर्व्हे नंबर टाका. सर्व्हे नंबर तुमच्या करारातच सापडेल. सूची क्र. २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) उघडली की बघायचं ते चारच रकान्यांत : (२) मोबदला, (३) बाजारभाव, (५) क्षेत्रफळ, (९) दस्त करून दिल्याची तारीख. (१) मध्ये 'सेल डीड' किंवा 'अॅग्रीमेंट टू सेल' असेल तेच घ्या. बक्षीसपत्र, हक्कसोड, लीव्ह अँड लायसन्स वगळा, नाहीतर सरासरीचा विचका होतो.

मागच्या दीड वर्षातले, तुमच्याच रांगेतल्या १९८८ ते १९९८ च्या इमारतींतले सहा-सात दस्त मिळाले तरी पुष्कळ. (४) मध्ये मजला लिहिलेला असतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा वरचा मजला आणि पहिला मजला वेगळे धरा.

एक सावधगिरी. मोबदला आणि बाजारभाव अगदी एकच आकडा असेल तर तो दस्त थोडा बाजूला ठेवा. रेडीरेकनरला (सरकारने ठरवलेल्या दराला) चिकटवून केलेला व्यवहार असू शकतो.

---

मूल्यांकक

८२ ची ऑफर का आली ते खरेदीदाराच्या खिशातून बघा, मग ती अपमानास्पद वाटणार नाही.

तुमचा आकडा ९५. बँकेचा व्हॅल्युअर येतो, इमारतीचं वय बघतो, लिफ्ट बघतो आणि समजा ८६ लिहितो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, तीही बँकेने धरलेल्या किमतीवर. म्हणजे कर्ज ६८.८० लाख. उरलेले २६.२० लाख त्याचे. वर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६.६५ लाख. नोंदणी शुल्क ३०,००० (३० लाखांवर तेवढंच), दलाली १ टक्का ९५,०००. बेरीज ३४.१० लाख, आणि हे सगळं रोख शिलकीतून, कारण मुद्रांकाला या रकमेच्या गृहकर्जात जागा नाही.

आता ८८ ला करा. कर्ज तेच ६८.८०. त्याचे १९.२० + ६.१६ + ०.३० + ०.८८ = २६.५४ लाख. तुम्ही सात लाख सोडलेत, त्याचा खिशातला बोजा साडेसात लाखांनी उतरला. ही जी रोख आहे ना, तिच्यावरच व्यवहार अडतात, हप्त्यावर क्वचित.

खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. ८८ लाखांवर ८८,०००. पाहायला नवरा-बायको आले की हे फक्त सांगून ठेवा.

आणि व्हॅल्युअरची वाट बघू नका. बँकेच्या पॅनेलवरच्या एखाद्याकडून आधीच मूल्यांकन करून घ्या. काही हजार जातील, पण बँकेचा आकडा नंतर अंगावर येण्यापेक्षा बरं.

---

ओल_आणि_लोणा

रंगाबद्दल. तिसरा मजला म्हणजे वर गच्ची. आधी बेडरूमच्या छताचे कोपरे आणि गच्चीकडच्या भिंतीचा वरचा फूटभर बघा. पांढरी भुकटी, फुगलेली पुट्टी, बोट लावल्यावर पापुद्रा सुटणं : हा लोणा. त्यावर रंग मारला तर एका पावसाळ्यात परत वर येतो. त्याहून वाईट म्हणजे नवा रंग फक्त त्याच भिंतीला दिसला की जाणकार माणूस थेट तिथेच हात लावतो.

क्रम असा. गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, लेखी अर्ज करा. गच्ची-भिंतीच्या सांध्यातली वाटा (गोलाई) फुटलेली असते, बहुतेक पाणी तिथून शिरतं. ती झाली की आतला फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढा, भिंत किमान तीन-चार आठवडे उघडी वाळू द्या, मग वॉटरप्रूफिंगची भर घातलेला गिलावा, तो पिकल्यावर पुट्टी, मग सगळ्या घराला एकच फिकट रंग. पावसाळ्यात यातलं काहीही करू नका, गच्चीवर ताडपत्री टाका आणि थांबा.

बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरत असेल तर तेही आधी मिटवा. खरेदीदार जिन्यात खालच्या बिऱ्हाडाशी बोलतोच.

आता बंद घराची खास गोष्ट, जी कोणी सांगत नाही. दार उघडल्यावर वास येतो का? बाथरूम आणि मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याची जी सील असते ती बंद घरात काही आठवड्यांत आटते. मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात. शेजाऱ्यांना सांगा, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जाळीत दोन मग पाणी आणि वरून दोन चमचे खोबरेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. कमोडमध्ये एकदा फ्लश, किचन सिंकमध्ये एक तांब्या. खर्च शून्य, आणि पाहायला आलेल्याचं नाक पहिल्या मिनिटाला वाकडं होत नाही.

मॉड्युलर किचन वगैरे करू नका. ते पैसे परत येत नाहीत, या वयाच्या घराला नवा मालक तोडफोड करणारच.

---

दारावरची_पाटी

अनुमोदन. त्यात भर : सगळे दिवे एकाच रंगाचे लावा, मुख्य दाराचं कुलूप एका हाताने उघडेल असं तेल घालून ठेवा (एजंट पाच मिनिटं किल्ली फिरवत बसतो हे दृश्य फार वाईट), वडिलांचं कपाट आणि माळ्यावरचं सामान हलवा. देव्हारा रिकामा करून ठेवा. भरलेलं घर 'अजून कोणाचं तरी' वाटतं.

फोटो सकाळी दहा-अकराला, खिडक्या उघड्या, मोबाइल आडवा आणि छातीच्या उंचीवर. बारा-पंधरा पुरेत. वॉशबेसिनचे तीन फोटो कशाला टाकतात देव जाणे.

---

कलम_आणि_करार

आता कागद. माझ्या मते इथेच सगळ्यात मोठी गोची आहे, आणि ती विसार घेतल्यावर उघडी पडली तर गिऱ्हाईक पळतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या प्रकरणात नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद म्हटलंय. म्हणजे आई एकटी सही करून विकू शकत नाही, शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढलं असलं तरी. तिघांच्या सह्या लागतील, किंवा दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. साध्या स्टँपपेपरवरचं, नोटरी केलेलं हक्कसोड उपयोगाचं नाही. मुद्रांक किती ते वकिलाकडून आधी काढून घ्या : वडिलोपार्जित मिळकत की वडिलांची स्वकष्टार्जित, यावर आकडा फिरतो आणि निबंधकाच्या टेबलावर तो वाद घालायची वेळ चांगली नसते.

हक्क सोडला की पैशावरचा हक्कही कायद्याने सुटतो, हे बहिणीला नीट सांगा.

बहीण येणार नसेल तर मुखत्यारपत्र. ते तिथल्या भारतीय वकिलातीत सही-शिक्क्यासह करायचं, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांकित करून घ्यायचं. मजकुरात 'विक्री करणे, साठेखत व खरेदीखतावर सही करणे, नोंदणीस हजर राहून कबुली देणे, मोबदला स्वीकारणे' हे वेगवेगळं लिहा. नुसतं 'मिळकतीची व्यवस्था पाहणे' लिहिलेलं मुखत्यारपत्र विक्रीला चालत नाही.

फाइलमध्ये हे हवं : १९९२ चा मूळ करार आणि नोंदणी पावती, सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, मृत्यू दाखला, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, मंजूर नकाशा, मिळकतकराची पावती, वीजबिल, सोसायटीचं बाकी नसल्याचं पत्र, मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर त्याची प्रत. भोगवटा दाखला नसेल तर अनेक बँका पहिल्याच फोनवर नाही म्हणतात. जुन्या सोसायट्यांत तो सेक्रेटरीच्या कपाटात असतो किंवा महापालिकेत नक्कल मागावी लागते. आजच मागा.

---

पायरीवाला

सोसायटीवाले दोन लाख 'ट्रान्सफर फी' मागतात म्हणे, त्याचं काय?

---

कलम_आणि_करार

हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये आहे, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने. त्यावर 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखालीही घेता येत नाही. वडिलांकडून वारसांकडे नाव चढवताना तर अधिमूल्य लागतच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीची परवानगी लागत नाही, पंधरा दिवसांची नोटीस पुरते. पण खरेदीदाराची बँक ना-हरकत मागतेच, त्यामुळे सेक्रेटरीशी भांडण विसाराआधी उकरू नका.

पार्किंगही बघा. स्टिल्ट पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. 'पार्किंगचे चार लाख वेगळे' म्हणू नका. सोसायटीचं वाटपपत्र असेल तर दाखवा.

---

करदाता_क्र_१

कराची बाजू थोडक्यात, कारण ९५ वर अडून बसण्यामागे बऱ्याचदा 'कर जाणार' ही भीती असते.

वडिलांनी धरलेला काळ तुमच्यात मोजला जातो, त्यामुळे नफा दीर्घ मुदतीचा. घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते (तेव्हाच्या रेडीरेकनरपेक्षा जास्त नाही). नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. समजा ती ८ लाख निघाली आणि घर ८८ ला गेलं. नव्या पद्धतीने, महागाई निर्देशांकाशिवाय : नफा ८०, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १० लाख. जुन्या पद्धतीने : ८ × ३.७६ (२०२५-२६ चा निर्देशांक ३७६) = ३०.०८, नफा ५७.९२, २० टक्के म्हणजे ११.५८ लाख. म्हणजे इथे नवी पद्धत स्वस्त. उपकर दोन्हीकडे वेगळा. २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घरांना हा पर्याय निवासी भारतीयांनाच आहे, बहिणीला नाही. तिचं इथे काही बिघडत नाही.

तिचा वाटा राहिला तर खरेदीदाराने तिच्या रकमेवर अनिवासी दराने टीडीएस कापायचा, एक टक्क्याने नाही, आणि नफ्यावर नाही तर पूर्ण वाट्यावर. ८८ चा तिसरा हिस्सा २९.३३ लाख, उपकरासह १३ टक्के म्हणजे ३.८१ लाख. तिचा खरा कर ३.४७ च्या आसपास. फरक मोठा नाही, पण खरेदीदाराला वेगळी उठाठेव पडते आणि तो बिचकतो. कमी दराचं सर्टिफिकेट आधी काढलं तर आकडा स्पष्ट होतो.

तुमचा आणि आईचा वाटा प्रत्येकी ५० लाखांखाली असला तरी १ टक्का टीडीएस कापला जाणार. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत धरतात.

आणि 'दहा लाख रोख देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड विकणाऱ्याला.

---

कोरा_चहा

खूप आभार. रीडेव्हलपमेंटबद्दल कोणी बोललंच नाही. सोसायटीत चर्चा चालू आहे, दोन बिल्डर येऊन गेले. नव्या क्षेत्रफळाचा हिशोब धरूनच ९५ ठरवले होते.

---

मोजपट्टी

आलं लक्षात. १४ महिने का लागले ते आता कळलं.

---

गच्चीवरचा_कावळा

'चर्चा चालू' याला बाजारात काडीची किंमत नाही. उलट तोटा आहे. घरात राहायला येणारा म्हणतो, नूतनीकरणावर आठ लाख घालू आणि दोन वर्षांत सामान उचला? गुंतवणारा म्हणतो, करार झाल्यावर बघू.

टप्पे बघा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती लागते. त्याआधी आराखडा, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, निविदा, विशेष सभा. विकसन करारनामा नोंदला गेला की किंमत खरंच हलते, कारण तेव्हा नवं क्षेत्रफळ, भाडं आणि कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची ठोक रक्कम) कागदावर असतात. पण त्याच टप्प्यावर बँका जुन्या फ्लॅटला कर्ज द्यायला का-कू करतात, म्हणजे गिऱ्हाईक उरतं ते स्वतःच्या पैशाचं, आणि ते घासाघीस दांडगी करतं.

तेव्हा आज विकायचं तर आजच्या ६४५ फुटांवर विका. भविष्यातला फायदा फुकट जाऊ नये असं वाटत असेल तर थांबा, पण मग थांबण्याचा खर्च धरा : ८२ लाख ७ टक्क्यांनी वर्षाला ५.७४ लाख, मेंटेनन्स आणि मिळकतकर वेगळा. १४ महिन्यांचे ६.७० लाख गेलेच आहेत. थांबायचंच तर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सने भाड्याने द्या, बंद ठेवू नका.

विकताना साठेखतात एक ओळ घाला : तारखेनंतर मंजूर होणारं भाडं, कॉर्पस आणि जादा क्षेत्र खरेदीदाराचं. ही ओळ नसली की बोलणी शेवटच्या आठवड्यात मोडतात.

---

दारावरची_पाटी

मग क्रम लावून देतो. आधी हक्कसोड किंवा मुखत्यारपत्र आणि फाइल. त्या काळात जाहिरात पूर्ण उतरवा, पाचही एजंटांना लेखी कळवा. महिना-दीड महिना घर पोर्टलवर दिसू नये. गच्ची-लोणा-रंग त्याच काळात. मग रेरा नोंदणी असलेला एकच एजंट, ९० दिवस लेखी, नवे फोटो, कार्पेटमध्ये क्षेत्रफळ.

किंमत ९५ वरून ९३, मग ९१ अशी ठिबकत आणू नका. एकदाच, आणि शोधणाऱ्याच्या गाळणीत बसेल अशी. पोर्टलवर लोक '९० पर्यंत' टाकतात, म्हणून ८९.५. सूची दोनवरून आकडा त्याच्या आसपास निघाला तरच, नाहीतर त्याहून खाली. जाहिरातीत 'जीएसटी नाही' हे लिहाच. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के पडतो.

पितृपक्षात जाहिरात सोडू नका. घटस्थापनेला सोडली तर दसरा-दिवाळीची गर्दी मिळते, नाहीतर गुढीपाडव्याच्या आधी तीन आठवडे.

---

कोरा_चहा

८२ वाल्याला परत फोन करावा का?

---

दारावरची_पाटी

करा, पण फाइल तयार झाल्यावर. 'किंमत कमी केली' म्हणू नका. 'वारसांचे कागद पूर्ण झाले, बँकेचं मूल्यांकन हातात आहे, बघायचंय का' एवढंच. तो ८५ वर आला तर विसार एक लाख चेकने घ्या आणि पावतीवर तीन तारखा लिहा : कर्जमंजुरीची, साठेखताची, ताब्याची. कर्ज नाकारलं गेलं तर विसार परत किती दिवसांत, तेही तिथेच. आणि रेडीरेकनर आधी बघा. त्याचा आकडा करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर निघाला तर तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही फरकावर कर बसतो. इमारतीच्या वयाचा घसारा धरून ई-एएसआरवर (रेडीरेकनरच्या सरकारी ऑनलाइन दरपत्रकावर) आकडा काढा, नुसता चौरस मीटरचा दर बघून घाबरू नका.

---

ओल_आणि_लोणा

आणि त्याला बोलवायच्या आदल्या दिवशी जाळ्यांत पाणी.